लखनौत चढ कुठे मिळेल?

सायकल चालवत असताना माणसाच्या आयुष्यात काही म्हणजे काही घडत नाही. पाय फिरतात, चाकं फिरतात, दोन्ही बाजूंना गहू नाहीतर मोहरी. जे घडतं ते सगळं थांबल्यावर! चहाला थांबलो, पंक्चरला थांबलो, रस्ता विचारायला थांबलो, की झालाच किस्सा. बायको विचारते, "तुम्ही सायकल चालवायला जाता की थांबायला?" आता तर कुणी जेवायला आलं की ती आधीच दम देते, "सायकलचं काढायचं नाही. पोळ्या गार होतात."

तर पोळ्या नाहीत तोवर सांगून घेतो.

आम्ही तिघं. मी पाध्ये, मूळचा सांगलीचा, रेल्वेत सिग्नलचं काम बघतो, आलमबागला राहतो. दुसरे सुभेदार भोईटे, फलटणकडचे. फौजेतून निवृत्त झाले, पण छावणीचा शेजार सोडवेना म्हणून लखनौतच राहिले. तिसऱ्या नलूताई देशकर, नागपूरच्या, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात भूवैज्ञानिक, घर अलीगंजला. दर रविवारी सकाळी सहाला निघायचं, शहर संपेपर्यंत गप्प राहायचं आणि मग खेड्यापाड्यांतून चाळीस-पन्नास किलोमीटर भटकून यायचं, एवढाच कार्यक्रम.

*

भोईट्यांचं एकच दुःख. लखनौत चढ नाही! किती नाही? रस्त्यावर चेंडू ठेवला तर तो कुठे जावं याचा विचार करत बसतो. घाटात वाढलेल्या माणसाला हे सहन होत नाही.

एका रविवारी त्यांना शहराबाहेर रेल्वेलाइनवरचा नवा पूल सापडला. "पाध्येसाहेब, हाच आपला घाट! दहा वेळा चढायचा, दहा वेळा उतरायचा. कूच!"

आम्ही चढलो, उतरलो, वळलो, पुन्हा चढलो. पुलावर एक दूधवाला कॅन टेकवून बिडी ओढत होता. चौथ्या फेरीला त्याने काळजीने विचारलं, "बाबूजी, कुछ गिर गया है क्या?"

भोईट्यांना इतका दम लागला होता की त्यांनी नुसताच रस्त्याकडे हात केला. दूधवाल्याने बिडी विझवली आणि वाकून शोधायला लागला!

सहाव्या फेरीला एक टेम्पो थांबला होता. आठव्या फेरीला पुलावर वीसएक माणसं वाकलेली. एकजण दुसऱ्याला विचारतोय, "क्या खोया है?" दुसरा म्हणतोय, "पता नहीं, फौजी साहब का है।" तेवढ्यात एक म्हातारबाबा विजयी मुद्रेने एक गंजकी किल्ली घेऊन आले. "यही है ना, साहब?"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. मी भोईट्यांकडे पाहिलं. भोईट्यांनी किल्ली हातात घेतली, दोन्ही बाजूंनी नीट पाहिली आणि म्हणाले, "नहीं, यह नहीं है।"

सगळे पुन्हा वाकले!

आम्ही मान खाली घालून निघालो. पुढच्या रविवारी त्याच पुलावर तोच दूधवाला. आम्हाला पाहून लांबूनच ओरडला, "अभी नहीं मिला, बाबूजी! हम देख रहे हैं!"

*

भोईट्यांच्या मुलाने त्यांना वाढदिवसाला सायकलस्वारांची ती खास चड्डी घेऊन दिली. आत स्पंजची गादी असते ती. मोहनलालगंजच्या अलीकडे त्यांचं चाक पंक्चर झालं. पिंपळाखाली पंक्चरवाला बसला होता, त्याने चाक खोललं, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले. पण त्याचं सगळं लक्ष भोईट्यांच्या चालण्याकडे. शेवटी न राहवून म्हणाला, "बाबूजी, बुरा न मानें तो एक बात पूछें?"

"पूछो."

"गद्दी तो साइकिल पर लगती है। आपने पैंट में काहे लगवा ली?"

भोईटे सियाचेनला राहून आलेले. पण पंक्चर निघेपर्यंत ते पिंपळाला पाठ लावून उभे राहिले.

*

इटौंजाच्या पुढे एक गाव आहे, नाव सांगत नाही. डिसेंबरात धुकं म्हणून आम्ही पहिल्यांदाच पिवळी चकचकीत जाकिटं घालून निघालो होतो. डोक्यावर हेल्मेट, नलूताईंच्या गळ्यात जीपीएस आणि हातात त्यांची नेहमीची वही. गावात शिरलो आणि हापशावर पाणी प्यायला थांबलो.

पाच मिनिटांत खुर्च्या आल्या. मग प्रधानजी आले, म्हणजे तिकडचे सरपंच. मग बिस्किटं. मग एकेक माणूस पुढे येऊन तक्रार सांगायला लागला. रस्ता खचलाय, शाळेची भिंत पडलीय, ट्रान्सफॉर्मर जळलाय. नलूताई मनाने चांगल्या, त्यांनी दोन तक्रारी वहीत लिहूनही घेतल्या. मग त्यांनाच अपराधी वाटलं.

"प्रधानजी, गलतफहमी हो रही है। हम सरकार की तरफ से नहीं आए। हम तो बस घूमने आए हैं।"

"घूमने?" प्रधानजींनी मागे वळून गावाकडे पाहिलं. डबकं, शेणाच्या गोवऱ्यांचे ढीग, एक उदास बकरी. "यहाँ?"

"हाँ."

"साइकिल से?"

"हाँ."

"इतवार को?"

प्रधानजी हसले. बाजूचे हसले. सगळं गाव समजूतदारपणे हसलं. जाताना प्रधानजी माझ्या कानात म्हणाले, "समझ गए साहब। गुप्त जाँच है। हम किसी से नहीं कहेंगे।"

पुढच्या रविवारी गेलो तर रस्त्यातले खड्डे बुजवलेले! त्याच्या पुढच्या रविवारी शाळेची भिंत उभी, वर चुना. तिसऱ्या रविवारी झेंडूचे हार. आम्ही पुन्हा सांगितलं की आम्ही कुणी नाही. ते पुन्हा हसले. नलूताई परत येताना म्हणाल्या, "मी वीस वर्षं सरकारी नोकरी करून राहिले, पण माझ्या सहीने एक वीट हलली नाही बाप्पा!"

चौथ्या रविवारी गावाच्या वेशीवरच एक अनोळखी गृहस्थ हात जोडून उभे होते. शेजारच्या गावचे प्रधान.

"साहब, बस एक बार हमारे यहाँ से भी साइकिल निकाल दीजिए।"

*

मलिहाबादच्या बागांमध्ये फेब्रुवारीच्या शेवटी आंब्याला मोहोर येतो तेव्हा तिथून सायकल नेण्यासारखं सुख नाही. मात्र एका बागेच्या वाटेवर एक वृद्ध मियाँ दोन्ही हात पसरून आडवे आले. पांढरा कुर्ता, पांढरी दाढी, आवाज जेमतेम ऐकू येईल इतका हलका.

"हुज़ूर, घंटी न बजाइएगा। और गुफ़्तगू ज़रा धीमी रखिए। बाईं तरफ़ वाला दशहरी बहुत नाज़ुक-मिज़ाज है।"

भोईट्यांचा आवाज परेडचा. ते साधं "पाणी द्या" म्हणाले तरी चार माणसं सावधान उभी राहतात. ते गरजले, "पेड़ को क्या समझता है?"

मियाँनी कळवळून डोळे मिटले. "यही बात पिछले साल एक ट्रैक्टर वाले ने कही थी। साथ में गाली भी दी। शाम तक सारा बौर गिरा दिया इसने।"

मग त्या बागेतून आम्ही तिघं सायकली हातात धरून चवड्यांवर चालत गेलो. भोईटे दबक्या आवाजात म्हणाले, "पाध्येसाहेब, जरा सांभाळून, फांदी आहे." मी चमकून मागे पाहिलं. एवढं मऊ बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं! बाग संपली, पक्का रस्ता आला, तरी त्यांचा आवाज वर येईना. जणू ते वर आणायचं विसरलेच.

दुपारी वहिनींचा, म्हणजे सौ. भोईट्यांचा, फोन. "भावजी, सकाळी यांना काही झालं का हो? आल्यापासून हळू बोलतायत. मला म्हणाले, 'जमलं तर जरा चहा टाकतेस का?' ताप मोजला, तोही नाही."

मी झाडाची सगळी हकीकत सांगितली. मग वहिनी म्हणाल्या, "त्या झाडाचं एक कलम मिळेल का?"

*

नलूताईंचं दुःख भोईट्यांच्याहून मोठं. त्या दगडांच्या माणूस आणि बदली गंगेच्या गाळावर! "खडक पाहायचा तर पाताळात जावं लागते," म्हणायच्या. तीन वर्षांत दगड म्हणून त्यांनी पाहिला तो रेल्वेलाइनची खडी आणि माझ्या बायकोचा पाटा.

एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं की नगरामच्या बाजूला एका गावात सफेद पहाडी आहे. नलूताईंचा कप हातातच राहिला. "पांढरी टेकडी? इथे? अशक्य! खडूच्या टेकड्या असतात, पण त्या समुद्रातल्या बारीक जीवांच्या कवचांच्या, विलायतेकडे. इथे कुठला समुद्र!" पण बोलता बोलता वही उघडून त्या गावाचं नाव लिहून घेत होत्या. भोईट्यांनी फक्त एक शब्द ऐकला होता, टेकडी. "चढ आहे का?" त्यांनी विचारलं.

रविवारी निघालो. नलूताईंनी सॅकमध्ये हातोडी टाकली होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. वाटेत नेहमी त्या शेवटी असतात, त्या दिवशी आम्हाला दिसतच नव्हत्या इतक्या पुढे. ऊसराची, म्हणजे खारपड, पांढरट जमीन लागली, मग एक तळं, आणि तळ्याच्या पलीकडे खरंच उभी होती! दुमजली घराएवढी, पांढरीशुभ्र, सकाळच्या उन्हात लखलखणारी. माथ्यावर लाल झेंडा, पायथ्याशी शेंदूर लावलेला गोटा. पोरं घसरगुंडी करत होती.

भोईटे सायकलसकट चढायलाच लागले. नलूताईंनी गुडघे टेकले, टेकडीला हात लावला, हातोडीने एक कपची काढली, नखाने ओरखडली, जिभेला लावली. आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जिप्सम आहे," त्या म्हणाल्या. "ऊसर जमीन सुधारायला शेतकऱ्यांना वाटतात ते. ट्रकने येते, राजस्थानातून."

हळूहळू सगळं बाहेर आलं. फार वर्षांपूर्वी कुणीतरी ट्रकच्या ट्रक आणून इथे ओतले, वाटायचे राहून गेले. पावसाने ढीग घट्ट झाला, पायथ्याला गवत आलं, पोरं आली, मग झेंडा आला. आता नवरा-नवरी लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला इथेच येतात.

शेंदरी गोट्यापाशी एक म्हातारा पुजारी बसला होता. नलूताईंना खोटं चालत नाही, शास्त्राच्या बाबतीत तर नाहीच. त्यांनी त्याला अगदी हळुवारपणे समजावलं की बाबा, हा डोंगर इथला नाही, हा राजस्थानातून आलाय.

म्हाताऱ्याने टेकडीकडे पाहिलं. वर झेंड्याला धरून धापा टाकणाऱ्या भोईट्यांकडे पाहिलं.

"तो क्या हुआ बिटिया," तो म्हणाला. "हम भी तो गोंडा से आए हैं।"

नलूताई ती कपची ऑफिसात टेबलावर ठेवतात. खाली पट्टी लावलीय: 'स्थानिक'.

*

आता म्हशीचं सांगतो.

गोसाईगंजच्या बाजूला कालव्याच्या कडेने एक अरुंद वाट जाते. तिथे रामसुमेर नावाच्या शेतकऱ्याची म्हैस आडवी उभी. नाव रानी. रामसुमेर ढकलतोय, शेपटी पिळतोय, हात जोडतोय. ती ढिम्म हलत नाही. "ई तौ केहू कै नाहीं सुनत," म्हणाला, म्हणजे ही कुणाचंच ऐकत नाही. दोन्ही बाजूंना लोक खोळंबलेले.

भोईटे वैतागून आपल्या गावच्या भाषेत खेकसले, "सरक की गं बये बाजूला!"

रानी सरकली! एका बाजूला, अगदी रीतसर, लोकांना जायला जागा देऊन.

रामसुमेरचा विश्वास बसेना. ती आपणहून पुन्हा आडवी होईपर्यंत त्याने आम्हाला थांबवून ठेवलं. हिंदीत सांगून पाहिलं, नाही. अवधीत, नाही. भोईट्यांनी मराठीत म्हटलं, सरकली. आम्ही विचारलं, कुठून आणली? मेळ्यातून? कुणा मराठी माणसाकडून? तो म्हणाला, छे, घरचीच पैदाइश. हिची आईही इथलीच, आजीही इथलीच. गोमती ओलांडून कधी गेली नाही. त्यानंतर रामसुमेर दर रविवारी वाटेत उभा राहून भोईट्यांकडून 'सरक' शिकायचा, पण त्याचा 'सरक' तिला काही पटायचा नाही.

जानेवारीत नलूताईंची मुलगी रेवा सुट्टीत आमच्याबरोबर यायला लागली. कॉलेजात आहे. जन्म नागपूरचा, वाढली सगळी उत्तरेत, बदल्यांमुळे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. आपण विचारायचं, "रेवा, दमलीस का?" ती म्हणणार, "नहीं काका, अभी तो मज़ा आ रहा है।" नलूताईंना हे लागायचं. "एवढी मोठी झाली, पण माझ्याशी एक वाक्य मराठीत बोलली नाही," म्हणायच्या.

त्या रविवारी भोईटे नव्हते, पुतणीच्या लग्नाला फलटणला गेले होते. आम्ही तिघं धुक्यातून कालव्याची वाट संपवून रेल्वे फाटकापाशी आलो. फाटक बंद. आणि आत, दोन रुळांच्या बरोबर मध्ये, रानी बसलेली! दांड्याखालून वाकून शिरली आणि ऐसपैस बसून रवंथ करत होती. रामसुमेर तिच्या गळ्यातला दोर ओढून रडकुंडीला आला होता.

मी सिग्नलचा माणूस. बंद फाटक म्हणजे गाडी निघाली, हे मला सांगावं लागत नाही. फाटकवाला हुशार. त्याने सिग्नल लाल केला आणि लाल झेंडी घेऊन धुक्यात गाडीच्या दिशेने धावत सुटला. पण ड्रायव्हर सिग्नल ओलांडून पुढे आला असला तर? धुक्यात झेंडी दिसली नाही तर?

"साहब, अपनी वाली बोली बोलिए!" रामसुमेर ओरडला.

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "हट! हटो! चलो उठो!" वीस वर्षं रुळांवर हिंदीत ओरडलोय, दुसरं काही आठवेचना! नलूताईही "अरे उठो ना, उठो!" सुरू. मग मला भान आलं. मी म्हटलं, "जरा... जरा बाजूला सरकता का?" आमचा सांगलीचा अदबीचा आवाज. रानीने एक डोळा उघडला आणि मिटला.

"फौजी साहब को फ़ोन लगाइए!"

लावला. भोईट्यांनी कुजबुजत उचलला. "पाध्येसाहेब, मंगलाष्टका चालू आहेत." मी म्हटलं, म्हैस रुळावर बसलीय, गाडी येतेय, ओरडा! फोन स्पीकरवर टाकून मी रानीच्या कानाशी धरला. आणि फलटणच्या त्या मांडवात, भर मंगलाष्टकात, भोईटे परेडच्या आवाजात गरजले, "सरक बाजूला!"

नंतर कळलं की तिकडे पाहुण्यांच्या तीन रांगा उठून बाजूला झाल्या. ज्या दोघांनी अंतरपाट धरला होता त्यांनी अंतरपाट बाजूला घेतला आणि लग्न दोन मंगलाष्टका आधीच लागलं! इकडे रानी बसून होती. फोनवरचं मराठी तिला चालत नसावं.

तेवढ्यात धुक्यातून शिटी ऐकू आली. लांबून, पण आलीच. रामसुमेरने दोर सोडला आणि म्हशीच्या गळ्यात हात घालून तिथेच बसला. "हम ना छोड़ब," एवढंच म्हणत राहिला. मी त्याला ओढतोय, तो सुटत नाही. नलूताई डोळे मिटून उभ्या.

आणि मागून एक आवाज आला. कर्कश, चढा, शंभर टक्के नागपुरी:

"ऊठ वं ऊठ! किती लोळून राहिली! सूर्य डोक्यावर आला! आता उठते का टाकू तांब्याभर पाणी?"

क्षणभर मला वाटलं नलूताईच. पण नलूताई माझ्याइतक्याच दचकून मागे पाहत होत्या. रेवा! सायकल टाकून, दांड्याखालून आत आलेली, कमरेवर हात, लालबुंद.

रानी उठली. मागचे पाय, मग पुढचे, अंग झाडलं, आणि रामसुमेरला गळ्यात तसाच लोंबकळता घेऊन रूळ ओलांडून पलीकडच्या मोहरीत जाऊन उभी राहिली.

गाडी आली ती अगदी हळू, लाल झेंडीमागून रांगत, फाटकाच्या बरीच अलीकडे थांबली. ड्रायव्हरने बाहेर डोकं काढलं. फाटकवाला धापा टाकत परत आला. नलूताई लेकीकडे बघून रडत होत्या, म्हशीसाठी की मराठीसाठी ते मी विचारलं नाही.

रामसुमेर मोहरीतून उठून आला, डोक्याला पिवळी फुलं चिकटलेली. त्याने रेवाला हात जोडले.

"बिटिया, का कह्यो इससे?"

"पता नहीं, अंकल," रेवा म्हणाली. "मम्मी रोज़ सुबह मुझे यही बोलती हैं।"

"अच्छा! तो तुम उठ जाती हो?"

रेवाने आईकडे पाहिलं, मग म्हशीकडे पाहिलं.

"नहीं."